घरचं सामान, बेकरीची आच: सांगली-मिरजेतली डिसेंबरची भाजणावळ

दिवाळीचे डबे तळाला गेलेले असतात आणि नाताळ अजून यायचा असतो, त्या मधल्या दिवसांत सांगली-मिरजेतल्या जुन्या बेकऱ्यांसमोर दुपारी एक वेगळं गिऱ्हाईक दिसतं. हातात कापडी पिशवी, पिशवीत मैदा, पिठीसाखर, तुपाचा डबा. ही मंडळी विकत घ्यायला आलेली नसतात, भाजून न्यायला आलेली असतात. गिरणीत दळण टाकतो तसं इथे भट्टीला भाजण टाकायचं. सामान आपलं, आच बेकरीवाल्याची, मजुरी किलोवर. तिलाच भाजणावळ म्हणायचं.

निकाल आधीच सांगतो. नानकटाईसाठी या सोयीला तोड नाही. घरातला महागातला ओव्हनही तिथे दुसरा येतो. फळांच्या केकसाठी भट्टी चांगली, पण भट्टीची वेळ साधली तरच. हलका स्पंज केक घेऊन मात्र जाऊ नये. बेकरीवाला कितीही ओळखीचा असला तरी नाही.

मिरजेत १८९४ साली मिशन हॉस्पिटल उभं राहिलं. मिरजेत काय, सांगलीत काय, मराठी ख्रिस्ती घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदताहेत. त्यांच्या नाताळाच्या ताटात केकच्या तुकड्याशेजारी करंजी, शंकरपाळी, चकली, चिवडा असा दिवाळीचाच फराळ असतो. म्हणून डिसेंबरात भट्टीवर येणाऱ्या पिशव्या सगळ्या एका घरच्या, एका धर्माच्या नसतात. कुणाला नाताळाचा डबा भरायचा असतो, कुणाला थंडीत चहाबरोबर काहीतरी हवं असतं, आणि कुणाच्या घरी मुंबई-पुण्याची मुलं सुट्टीला यायची असतात. नानकटाईला हे सगळं सारखंच.

आता भट्टीकडे. जुन्या पद्धतीची भट्टी म्हणजे वरून विटांची बुटकी कमान, खाली विटांचाच सपाट तळ, तोंड एकच आणि त्याला लोखंडी झाकण. लाकूड आतच पेटवतात. काही तास जाळ झाल्यावर विटा आच पिऊन घेतात. मग निखारे ओढून काढतात, लांब काठीला बांधलेल्या ओल्या पोत्याने तळ पुसतात आणि झाकण लावून आच बसू देतात. यानंतर जे भाजलं जातं ते जाळावर नव्हे, विटांनी साठवलेल्या उष्णतेवर. खालून तळ तापतो, वरून कमान तापते, आणि आत पंखा नसल्यामुळे हवा जवळपास स्थिर असते. नानकटाईचा सगळा खेळ या तीन गोष्टींवर आहे. तळाला पटकन आच लागते, म्हणून गोळा फार पसरायच्या आत बूड धरतं; वरून कमानीची आच सावकाश उतरते, म्हणून डोक्यावर तडे सुरेख फुटतात; आणि वारा नसल्याने आतला भाग शिजायच्या आधी वरची साल कोरडी पडत नाही.

भट्टी एकदा तापवली की आच उतरतच जाते आणि बेकरीवाला त्या उतारावर एकेक माल बसवतो. सुरुवातीला, २३० ते २५० अंश सेल्सियसच्या आसपास, पाव. त्याखाली खारी. १६० ते १७० वर आली की नानकटाईची वेळ. १५० च्या घरात फळांचा केक. आणि रात्रभर जी मंद ऊब उरते तिच्यात टोस्ट वाळतात. म्हणजे आपण पैसे मोजतो ते भट्टीचे नव्हेत, त्या उतारावरच्या एका ठरावीक तासाचे. ‘दुपारी कधीही या’ असं उत्तर मिळालं तर सावध व्हा. ‘पाव निघाला की तासाभराने या’ असं सांगणारा कारागीर खरा. पावाच्या मागोमाग लगेच कटाई आत गेली तर बूड करपतं आणि पोटात कच्ची राहते. उशिरा गेली तर पसरून पापडासारखी होते आणि रंग येत नाही.

आच जोखायची जुनी रीत अजून चालते. तळावर चिमूटभर मैदा टाकायचा. पटकन गडद पडला तर भट्टी पावाचीच आहे, थांबा. काही मिनिटांत हळूहळू बदामी झाला तर कटाई लावा. बराच वेळ पांढराच राहिला तर आज टोस्टच. हल्ली काही ठिकाणी बंदुकीसारखा दुरून तापमान मोजणारा थर्मामीटर दिसतो, तोही चांगला. पण तो विटेचं तापमान दाखवतो, आतल्या हवेचं नाही, हे लक्षात ठेवून तळ आणि कमान दोन्हीकडे धरायला सांगा. दोन्हींत फार फरक असेल तर पत्र्याखाली, म्हणजे भाजायच्या ट्रेखाली, दुसरा रिकामा पत्रा घालून बूड वाचवता येतं. कारागीर हे स्वतःहून करतोच असं नाही. मागावं लागतं.

नानकटाईचं प्रमाण प्रत्येक घरचं वेगळं, पण भट्टीसाठी जे चुकत नाही ते असं: मैदा ७५० ग्रॅम, बेसन १५० ग्रॅम, बारीक रवा १०० ग्रॅम, म्हणजे कोरडं मिळून एक किलो. तूप ६०० ग्रॅम, पिठीसाखर ६०० ग्रॅम. खायचा सोडा सपाट एक चहाचा चमचा, मीठ दोन चिमूट, वेलचीपूड दोन चमचे आणि अर्धं जायफळ किसून. बेसनाने रंग आणि खमंगपणा येतो, रव्याने दाताखाली हलकी कुरकुर. बेसन २०० ग्रॅमच्या वर गेलं की कटाई लाडवाच्या चवीवर जाते. ते ज्यांना आवडतं त्यांनी खुशाल घालावं, पण मग तिला नानकटाई म्हणू नये.

तूप की डालडा, हा वाद भट्टीसमोरच्या बाकावर दरवर्षी होतो. चवीला साजूक तूप, यात वाद नाही. पण नुसत्या साजूक तुपाची कटाई जास्त पसरते, कारण ते अंगाच्या उबेलाच सुटायला लागतं. वनस्पती तूप उशिरा वितळतं, म्हणून आकार धरून ठेवतं. साजूकच वापरायचं असेल तर तूप ५५० ग्रॅमवर आणा आणि गोळे लावलेला पत्रा भट्टीत जायच्या आधी अर्धा तास थंड जागी ठेवा. डिसेंबरात ती जागा शोधावी लागत नाही, बेकरीच्या मागच्या अंगणात असतेच.

तूप थिजलेलं हवं. वितळलेलं तूप ओतून पीठ मळलं तर काम पाच मिनिटांत होतं आणि कटाई दगड होते. थिजलेलं तूप आणि पिठीसाखर एकत्र फेटताना त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. भाजताना तेच फुगतात आणि कटाई खुसखुशीत होते. हाताने फेटायला २० ते २५ मिनिटं लागतात. रंग पिवळसरचा पांढरा झाला आणि चिमूटभर मिश्रण पाण्यात टाकल्यावर तरंगलं की झालं. सांगलीच्या डिसेंबरात पहाटे तूप इतकं घट्ट होतं की चमचा वाकतो, तेव्हा डबा दहा मिनिटं उन्हात ठेवा, गॅसवर नको. फेटण्याचं काम घरी करून नेणं उत्तम. बेकरीच्या मिक्सरमध्ये घातलं तर वेळ वाचतो, पण त्याच भांड्यात आधी काय होतं हे विचारून घ्या. अंड्याच्या केकचं पीठ असू शकतं, खारीचं मीठ असू शकतं.

कोरडं पीठ मात्र भट्टीवर पोचल्यावरच मिसळा. घरून सगळं मळून नेलं आणि भट्टीची आच उतरायला दोन तास लागले, तर गोळे वळताना कडा फाटतात. पीठ मिसळताना मळायचं नाही, नुसतं गोळा होईपर्यंत दाबायचं. मळलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि कटाई बिस्किटासारखी कडक होते.

२५ ग्रॅमचा गोळा धरला तर या प्रमाणात ८५ ते ९० कटाया होतात. गोळा वळून तळव्यात किंचित चपटा करा. दोन गोळ्यांत दोन बोटांचं अंतर ठेवा. भाजायला १८ ते २२ मिनिटं लागतात. वरून फिकट बदामी, कडेला एक छटा गडद, आणि तडे पांढुरके दिसायला हवेत. बाहेर येते तेव्हा ती मऊच असते. इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. मऊ लागली म्हणून परत आत सारायची आणि थंड झाल्यावर दात दुखवून घ्यायचे. ती पत्र्यावरच पाऊण तास निवू द्या. गरम उचलली तर हातात चुरा येतो.

बिघाडाची कारणं खाल्ल्यावर कळतात. जिभेवर साबणासारखी चव राहिली तर सोडा जास्त. तळहाताएवढी पसरली तर तूप जास्त किंवा भट्टी थंड. तडे न फुटता डोकं गुळगुळीत राहिलं तर पीठ ओलसर किंवा फेटणं कमी. खाताना साखर करकरली तर पिठीसाखर घरी मिक्सरवर काढताना चाळलेली नव्हती. आणि सगळं बरोबर असूनही एका बाजूच्या कटाया काळ्या, दुसऱ्या बाजूच्या गोऱ्या निघाल्या तर पत्रा फिरवला नाही. भट्टीचा आतला भाग तोंडापेक्षा नेहमीच गरम असतो, म्हणून दहाव्या-बाराव्या मिनिटाला पत्रा फिरवून आतली बाजू तोंडाकडे आणायला हवी. गर्दीच्या दिवशी हे विसरतात. भट्टीच्या तोंडाशी उभं राहून आठवण करून देण्यात कसलाही कमीपणा नाही.

एक गोष्ट घरूनच ठरवून न्या: आपली खूण. २० तारखेनंतर एकाच वेळी चार घरांचे पत्रे आत असतात आणि कटाया सगळ्या बहिणी-बहिणी. कुणी मधोमध बेदाणा दाबतं, कुणी चारोळी, कुणी काट्या-चमच्याची फुली, कुणी नखाचा चंद्र. पिस्त्याचा काप दिसायला छान, पण भट्टीत तो करपतो. चारोळी आधी पाण्याचं बोट लावून चिकटवा, नाही तर निम्मी पत्र्यावर राहते. साजूक तुपाचा माल देऊन दुसऱ्याच तुपाचा घरी आला, ही तक्रार या सेवेबद्दल सर्वांत जास्त ऐकू येते. त्यात लबाडी क्वचित असते, खूण न घातलेले पत्रे नेहमी असतात.

आता केक. सांगलीत नाताळाचा केक करायचा आणि बेदाणा दुसरीकडचा आणायचा, हे तासगावच्या, म्हणजे बेदाण्याच्या पेठेतल्या, माणसासमोर बोलूसुद्धा नये. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. तो बनतो बहुतेक थॉमसन सीडलेस आणि त्यातून निघालेल्या तास-ए-गणेश, माणिक चमन, सोनाका अशा जातींच्या द्राक्षांपासून. फेब्रुवारी ते एप्रिल हा हंगाम. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुचकळून शेडमधल्या जाळ्यांवर दोन आठवड्यांच्या आसपास सावलीत वाळवतात. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. म्हणजे डिसेंबरात जो मिळतो तो आठ-नऊ महिन्यांपूर्वीचा, शीतगृहातून निघालेला. त्यात वाईट काही नाही, पण बाहेर काढल्यावर दुकानात किती दिवस पडलाय ते पाहावं. मुठीत दाबून सोडला की दाणे सुटे व्हायला हवेत. गोळा राहिला तर ओल धरली आहे. खडखडला तर फार वाळलाय.

फोटोला हिरवा, टपोरा बेदाणा देखणा. केकला मात्र काळपट घ्या, स्वस्तही पडतो. हिरवा-पिवळा रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी दिलेली असते आणि तिचा मागमूस कधीकधी केकच्या चवीत लागतो. कुठलाही घेतला तरी कोमट पाण्याने दोनदा धुवा, म्हणजे वरचा तेलकट पापुद्रा जातो; मग फडक्यावर पसरून कोरडा करा. न धुतलेल्या बेदाण्यावर रस नीट मुरत नाही. आणि न भिजवलेला बेदाणा केकमध्ये गेला की तो भोवतालच्या केकातलं पाणी ओढून घेतो. दोन दिवसांनी केक भुगा-भुगा होतो त्याचं कारण बहुधा हेच.

एका केकला सुकामेवा ४५० ग्रॅम धरा: बेदाणा २५०, काळ्या मनुका बिया काढून ७५, खजूर ७५, टुटीफ्रुटी ५०. टुटीफ्रुटी याहून वाढवू नका. ती शेवटी कच्ची पपई आणि रंग. वर दोन संत्र्यांची किसलेली साल, फक्त नारिंगी भाग. पांढरा भाग आला की कडवटपणा आला. २०० मिलिलीटर संत्र्याच्या रसात हे सगळं एक उकळी आणून झाकून ठेवा, रात्रभर पुरे. रममध्ये मुरवणारे महिना-महिना आधी भिजवतात आणि ते टिकतं, कारण अल्कोहोल. फळांच्या रसात तसं करायला गेलात तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरणी फसफसते. रसाचं मिश्रण फ्रिजमध्ये दोन दिवस, त्याहून जास्त नाही.

पिठासाठी मैदा २५० ग्रॅम, बेकिंग पावडर एक चहाचा चमचा, दालचिनी-जायफळ-लवंग-सुंठ मिळून दीड चमचा. लोणी २००, गूळ पावडर १५० आणि साखर ५० ग्रॅम, अंडी चार. गूळ गडद रंगाचा घ्या. पिवळाधमक दिसणारा गूळ केकला रंग देत नाही आणि चवही देत नाही. गडद रंगासाठी आणखी ७५ ग्रॅम साखर कोरडीच करपवून तेवढंच गरम पाणी घालायचं. थंड पाणी घातलं तर उकळती साखर हातावर उडते, म्हणून भांडं खोल आणि चमचा लांब. लालसर तांबूस झाली, धूर निघायला लागला की लगेच पाणी. काळी होऊ दिली तर औषधी काढा. गार झाल्याशिवाय लोण्यात घालू नका. सुकामेव्यातला उरला रस निथळून बाजूला ठेवा आणि मेव्याला एक मोठा चमचा मैदा चोळा. मेवा तळाला बसतो तो पीठ पातळ असल्यामुळे. चमच्यावरून धबकन पडेल इतकं जाड हवं, धारेने वाहता कामा नये.

हौसेखातर यात महाबळेश्वरची ताजी स्ट्रॉबेरी घालणारे आहेत. डिसेंबरात ती मुबलक येते, दिसते गोड, पण नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी. जिथे फोड पडते तिथे केकला ओला खड्डा पडतो आणि दोन दिवसांत बुरशी. केकशेजारी वाटीत ठेवा, शोभेल.

भट्टीत केक द्यायचा तर भांडं २० सेंटिमीटर व्यासाचं, काठ उंच. आतून बटर पेपर दोन पदरी, काठाच्या दोन बोटं वर. बाहेरून तपकिरी कागदाचा जाड पट्टा सुतळीने बांधायचा, कारण भट्टीची कड ओव्हनपेक्षा लवकर पकडते. वर्तमानपत्र आत लावू नका, शाईचा प्रश्न आहे. झाकायला एक पातळ पत्रा सोबत न्या. तासाभराने वरचा रंग गडद झाला की तो टेकवायचा. भांड्यावर नाव खिळ्याने कोरलेलं असेल तर उत्तम. मार्करने लिहिलेलं जळून जातं. जागा मागायची ती मध्यभागी: तोंडाशी ठेवलेला केक एका अंगाने फुगतो, टोपी तिरकी घातल्यासारखा. पहिली ४५ मिनिटं हलवू द्यायचा नाही. एकूण दीड ते पावणेदोन तास लागतात. विणकामाची सुई मधोमध कोरडी निघाली पाहिजे. सुईला बेदाण्याचा चिकटा लागला तर दुसरीकडे टोचून पाहा.

बाहेर आल्यावर तो निथळलेला रस गरम केकवर चमच्या-चमच्याने ओता आणि केक भांड्यातच गार होऊ द्या. असा केक त्या दिवशी कापणं म्हणजे मेहनत वाया. तीन-चार दिवसांनी मसाला मुरतो, सुरी स्वच्छ फिरते. रसाचा केक थंडीतही आठवड्याभरात संपवावा, पुढे फ्रिज. म्हणून केक २० ते २१ तारखेला भाजा. नानकटाई मात्र १५ पासून कधीही चालेल, घट्ट झाकणाच्या डब्यात ती तीन आठवडे छान राहते. २३ आणि २४ ला भट्टीवर जाऊ नका. त्या दोन दिवसांत बेकरीचे स्वतःचे केक आत असतात आणि तुमचा डबा कुणाच्या तरी पत्र्यामागे ढकलला जातो.

आणि स्पंज का नको? त्याला १८० च्या आसपास एकसारखी, न उतरणारी आच लागते आणि पीठ तयार झालं की लगेच आत जावं लागतं. भट्टी तुमच्यासाठी थांबत नाही, पीठ भट्टीसाठी थांबत नाही. रांगेत पाऊण तास उभं राहिलेलं स्पंजचं पीठ आत जाऊन चपटी भाकरी होऊन येतं.

घरच्या साधनांशी तुलना न्याय्य करायची तर हिशोब मांडावा. ९० कटाया मीठ घालून तापवलेल्या कढईत आठ-आठ लावल्या तर अकरा-बारा खेपा, प्रत्येकी २० मिनिटं. चार तास गॅस आणि चार तास उभं राहणं. मधल्या आकाराच्या ओटीजीत, म्हणजे घरच्या विजेच्या ओव्हनमध्ये, सोळा-सोळा लावल्या तर सहा खेपा, दोन तासांच्या आसपास, आणि मागच्या कोपऱ्यातल्या दोन नेहमी काळ्या. भट्टीत सगळ्या एकाच दमात, पण जाणं-येणं-थांबणं धरून दुपार जाते. पाव किलो पिठाच्या हौसेसाठी ओटीजी बरा. किलोच्या पुढे भट्टी. केकला मात्र घरचा ओव्हन हरत नाही. तिथे भट्टीचा फायदा इतकाच की एकावेळी पाच-सहा केक होतात. आणि काही घरांत अजून तो झाकणाला काच असलेला अ‍ॅल्युमिनियमचा गोल ओव्हन माळ्यावर असतो. खाली काढणार असाल तर आधी वायर बदला, तीन पिनांचा प्लग आणि नीट अर्थिंग करून घ्या. धातूचं अंग आणि जुनी कॉइल, शॉक बसायला एवढं पुरतं. अर्धा किलोचा केक तो अजूनही चांगला करतो, फक्त तापमानाचं बटण नसल्यामुळे शेवटची दहा मिनिटं बंद करून त्याच्याच उबेवर सोडायचा.

एक बदल समजून घ्यायला हवा. मुंबईत २०२५ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर लाकूड-कोळशाच्या भट्ट्या बंद करून दुसऱ्या इंधनावर जाण्याची सक्ती सुरू झाली. इकडेही बऱ्याच बेकऱ्यांनी आपणहून डिझेलचे किंवा विजेचे फिरत्या ट्रॉलीचे ओव्हन घेतलेत. धूर नाही, आच एकसारखी, कारागिराच्या डोळ्यांना आराम. तक्रार करण्यासारखं काही नाही. पण त्यात पंखा असतो. गरम वाऱ्याने कटाईची वरची साल लवकर कोरडी पडते, तडे कमी फुटतात, बेदाण्याची टोकं जळतात. अशा ठिकाणी तापमान दहा-पंधरा अंशांनी कमी, १५० वर ठेवायला सांगा आणि गोळे जरा मोठे, ३० ग्रॅमचे करा. केकला मात्र हा ओव्हन भट्टीपेक्षा खात्रीचा, कारण आकडा जिथे लावला तिथेच राहतो.

जाताना पिशवीत बटर पेपर, सुती फडकं, कातर, सुतळी, पत्रा घासायला थोडं तूप आणि पुरेसे डबे. शाकाहारी घरांनी स्वतःचा पेपर अंथरावाच, पत्र्यांवर अंड्याचा माल जातो आणि नुसतं पुसून भागत नाही. डबे कोरडे, वास नसलेले. पंधरा किलोचा तेलाचा डबा कापून झाकण बसवलेला जुन्या घरांत असतो, नानकटाईला त्याहून चांगलं काही नाही. पण त्यात आधी पापड-मसाला होता तर आठवडाभर उन्हात उघडा ठेवा. पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावू नका, आतला घाम कटाईला मऊ करतो. मजुरी कच्च्या मालाच्या वजनावर की भाजलेल्या, हे आधी विचारा. या प्रमाणात कच्चं सव्वादोन किलोच्या आसपास भरतं आणि भाजल्यावर थोडं कमी होतं, तेवढा फरक बिलात दिसतो.

शेवटचा फायदा फुकटचा आहे आणि फार कमी लोक मागतात. केक कापताना ज्या तुटक्या कडा उरतात त्या, किंवा शिळ्या पावाचे बोटभर जाड काप, पत्र्यावर पसरून रात्री भट्टी बंद होताना ठेवून द्यायला सांगा. झाकण लावलेलं असतं, विटा रात्रभर ऊब सोडत राहतात. पहाटे नवा जाळ घालायच्या आधी पत्रा बाहेर निघतो तेव्हा काप आरपार वाळलेले असतात, चहात बुडवले तरी मोडत नाहीत. फक्त पहाटे पाचच्या आत न्यायला जावं लागतं. त्यानंतर तो पत्रा पावाला लागतो आणि तुमचे टोस्ट कुठल्या तरी कागदात गुंडाळून गल्ल्याखाली पडलेले सापडतात.